पाठ संपल्यावर 'चिंतना'च्या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

पहिला_तास

नमस्कार. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित आणि विज्ञान. गाव बेळगावच्या पश्चिमेकडचं, भातपट्ट्यातलं. सध्या इंटर्नशिप चालू आहे. गावापासून दोन थांबे पलीकडच्या मराठी शाळेत सहावी आणि आठवीचे तास घेते.

प्रत्येक पाठाच्या टाचणाखाली, म्हणजे लेखी आराखड्याखाली, कॉलेजनं 'रिफ्लेक्शन'चा, चिंतनाचा, एक रकाना दिलाय. शिवाय रिफ्लेक्टिव्ह जर्नल वेगळं, ते इंग्रजीत. परवा मी आतापर्यंतचे सगळे रकाने सलग वाचले. "पाठ चांगला झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. फलकलेखन योग्य झाले. वेळेचे नियोजन सुधारायला हवे." पुढच्या पाठाखाली तेच, शब्द मागेपुढे. सतरा पाठ झालेत आणि सतरा वेळा माझं वेळेचं नियोजन सुधारायचं राहिलंय. शेवटच्या पाठाखाली मार्गदर्शक मॅडमनी तांबड्या शाईनं एकच ओळ लिहिली होती: "यात मुलं कुठे आहेत? आणि तू कुठे आहेस?"

ती ओळ डोक्यातून जाईना. कारण त्याच पाठात एक गोष्ट घडली होती आणि ती मी लिहिलीच नव्हती. सहावीला अपूर्णांकांची तुलना चालली होती. फळ्यावर १/२ आणि १/४ लिहिलं आणि विचारलं, मोठा कोणता? तिसऱ्या बाकावरची एक मुलगी एरवी कधी बोलत नाही. तिनं हात वर केला. म्हणाली, "टीचर, एक छेद चार." मी म्हटलं, "नाही. बस. दुसरं कोण सांगेल?" पहिल्या बाकावरच्या मुलानं बरोबर सांगितलं. मी त्याला शाब्बास म्हटलं, 'अंश समान असतील तर ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान' हा नियम फळ्यावर लिहिला, सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेतला आणि पुढं गेले. ती मुलगी तास संपेपर्यंत वहीत खाली बघत बसली होती. मला ते दिसत होतं. दिसूनही थांबले नाही, कारण मागच्या बाकावर निरीक्षक होते आणि मूल्यमापनाचे तीन प्रश्न उरले होते.

आम्हाला चिंतन कसं करायचं यासाठी गिब्सचं चक्र शिकवलंय, १९८८ सालचं. घटनेचं वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती, अशा सहा पायऱ्या. परीक्षेत मी त्या आकृतीसह लिहिते. पण स्वतःच्या पाठाला लावायला गेलं की तेच चार वाक्यांचं पाणी सहा भांड्यांत ओतल्यासारखं होतं. आणि मनात येतं ते मराठीत, तेही घरच्या मराठीत. जर्नलमध्ये उतरवताना त्यातलं 'द स्टुडंट्स वेअर ॲक्टिव्ह' एवढंच उरतं.

स्वतःच्या पाठाकडे मागं वळून बघायचं म्हणजे काय करायचं? जे खरंच करतात त्यांनी सांगावं. नमुन्याचे परिच्छेद नकोत, ते माझ्याकडे पुष्कळ आहेत.

रिकामा_बाक

मीही बी.एड.लाच आहे, तालुका हुक्केरी. तुमचं वाचून बरं वाटलं, मला वाटत होतं माझंच असं होतं. आमच्याकडे बरेच जण जर्नल सगळ्यात शेवटी, जमा करायच्या आदल्या आठवड्यात एकत्र बसून लिहितात. त्यावेळी कुठल्या पाठात काय झालं ते कुणालाच आठवत नाही.

मला एक विचारायचंय. 'भावना' या पायरीत काय लिहायचं? मागच्या महिन्यात आठवीचा वर्ग इतका हाताबाहेर गेला की शेजारच्या वर्गावरचे सर येऊन दारात उभे राहिले. मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले. जर्नलमध्ये लिहिलं, 'थोडे दडपण जाणवले.' ते मार्गदर्शकांनी वाचायचं, त्यावर गुण द्यायचे. तिथं खरं कसं लिहिणार?

जांबोटी_रोड

पोरींनो, दोघींनाही सांगते. जरा मोठं होईल, बसून वाचा.

पहिला_तास, "ती मुलगी तास संपेपर्यंत वहीत खाली बघत बसली होती" इथपर्यंत तू जे लिहिलंस तेच तुझं चिंतन. तो परिच्छेद तसाच्या तसा रकान्यात उतरव. मॅडमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत, मूलही आहे आणि तूही आहेस. खरं त्यात एक जागा रिकामी आहे. त्या मुलीला १/४ मोठा का वाटला? तू मनात धरून चाललीस की दोनापेक्षा चार मोठे म्हणून. असेलही. नसेलही. तिला विचारलंस का? आज नाही विचारलंस तर उद्या विचार. पाठ संपला म्हणून ती मुलगी संपत नाही.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं, एका पोरानं शिकवलं. १९९९ साली मी नोकरीला लागले. जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या बाजूला, दोन शिक्षकी कौलारू शाळा. पावसाळ्यात कौलांवर असा आवाज की पुढच्या पोराला पाठ म्हणायला लावलं तर मागच्याला ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. संध्याकाळच्या बसची वाट बघत मी दुकानाच्या फळीवर बसायची. कधी पाऊण तास, कधी दीड तास. त्या वेळात वहीत काहीतरी लिहायची सवय लागली. सुरुवातीला तुझ्यासारखंच, 'आज वर्ग बरा झाला.'

तिसरीत एक मुलगा होता. हातच्याची वजाबाकी रोज चुकायची. मी रोज फुली मारायची आणि रोज समजावून सांगायची. एका संध्याकाळी बस येईना, म्हणून त्याची उदाहरणं त्यानं मांडली तशी वहीत उतरवून काढली.

४२ वजा १७, उत्तर ३५.
६३ वजा २८, उत्तर ४५.
५१ वजा ३६, उत्तर २५.

उतरवता उतरवता हात थांबला. हा पोरगा धांदरट नाही, हा एक नियम पाळतोय. कुठलाही अंक वर असो की खाली, मोठ्यातून लहान काढायचा. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन, झाले पस्तीस. बाकीची दोन्ही उदाहरणं तशीच. सकाळी त्याला जवळ बसवून विचारलं, "बाळ, हे असं का केलंस?" तो म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगितलं की. लहानातून मोठा जात नाही. मग मी मोठ्यातून लहान काढला."

ते वाक्य माझंच होतं. हातचा शिकवताना दिवसातून वीसदा मी तेच म्हणायची, 'लहानातून मोठा जात नाही'. मी अर्धं बोलून हातच्याकडे जायची आणि त्या पोरानं अर्ध्यावरच प्रामाणिकपणानं काम चालवलं होतं. पंधरा दिवस मी त्याच्या वहीवर ज्या फुल्या मारल्या त्या माझ्या वाक्यावरच्या फुल्या होत्या. त्या दिवसापासून ते वाक्य मी सोडलं. काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधले आणि 'दोन सुट्या काड्यांतून सात देता येईनात, मग गठ्ठा सोड' असं सुरू केलं.

तेव्हापासून वहीत मी तीन गोष्टी लिहिते. मूल काय म्हणालं किंवा त्यानं काय लिहिलं, त्याच्याच शब्दांत, चुकीसकट. त्यावर मी काय केलं. आणि उद्या मी काय विचारणार. तिसरी गोष्ट प्रश्नाच्याच रूपात असली पाहिजे, 'सुधारणा करेन' असं चालत नाही. 'वेळेचं नियोजन सुधारायला हवं' हे वाक्य मी वहीतून काढून टाकलं. ते खोटं असतं म्हणून नव्हे. त्याच्यापुढं उद्या सकाळी करण्यासारखं काही नसतं म्हणून.

पुढं खानापूरला बदली झाली, पाचवीचा वर्ग, ३४ मुलं. तिथं एक दिवस वही चाळताना लक्षात आलं की त्याच पाचसहा पोरांची नावं सारखी येतात. मग बाकांचा नकाशा काढला, प्रत्येक मुलाला एक चौकोन. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात टिंब. आठवडाभर टेबलावर तो कागद ठेवला. शनिवारी बघितलं तर पुढच्या दोन रांगांचे चौकोन टिंबांनी भरलेले आणि खिडकीकडच्या मागच्या कोपऱ्यात अकरा चौकोन कोरे. अकरा मुलं आठवडाभर माझ्या वर्गात बसून घरी गेली, मी एकदाही त्यांना काही विचारलं नव्हतं. त्यातली चार तर घरी कन्नड बोलणारी. उत्तर सुचलं तरी मराठीत जुळवायला त्यांना वेळ लागायचा, तोवर पुढच्या रांगेतून उत्तर येऊन जायचं.

त्या वेळेबद्दलच सांगते. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाई होत्या. १९७०च्या दशकात त्यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात. सरासरी एक सेकंद. तोच शिक्षक तीन सेकंद थांबायला लागला की मुलांची उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प राहणारी बोलायला लागतात. मी हे वाचलं तेव्हा खरं वाटेना. मग मुख्याध्यापकांना विचारून मोबाईल टेबलावर ठेवला आणि एका तासाचा नुसता आवाज टिपला. घरी भाकरी थापताना ऐकत बसले. मी एक सेकंदसुद्धा थांबत नव्हते. प्रश्न विचारायची, लगेच दुसऱ्या शब्दांत तोच विचारायची आणि मग स्वतःच उत्तराचं पहिलं अक्षर सांगायची. 'मलप्रभा कुठं उगम पावते? कुठं? क... कण...' आणि सगळी पोरं एका सुरात 'कणकुंबी!' मला वाटायचं, बघा, पोरांना किती येतं.

तुम्हीही करून बघा. शाळेची परवानगी घ्या, नुसता आवाज घ्या, मुलांचे व्हिडिओ नकोत, ऐकून झालं की पुसून टाका. चाळीस मिनिटं ऐकायची गरज नाही, मधली दहा पुरे. कागदावर एवढंच मोजायचं: मी प्रश्न किती विचारले, त्यातले 'समजलं का?' किती आणि प्रश्नानंतर मनात कितीपर्यंत आकडे मोजता आले.

भाषेचं म्हणशील तर आधी मराठीत लिही. घरी बोलतेस त्या मराठीत. मुलगी 'एक छेद चार' म्हणाली, तर तेच लिहायचं. इंग्रजीत नंतर उतरव. मुलीचं वाक्य तसंच ठेव आणि त्यापुढं साध्या इंग्रजीत दोन ओळी लिही, कॉलेजला तेवढं पुरतं. उलट्या वाटेनं गेलीस, इंग्रजीत विचार करायला बसलीस, तर जेवढं इंग्रजी येतं तेवढाच विचार होतो.

रिकामा_बाक, तू दोन वह्या कर. एक जमा करायची, एक स्वतःची. स्वतःच्या वहीत 'मी रडले' असंच लिही. त्याच्या खाली लिही की वर्ग कुठल्या क्षणी हातातून सुटला. पहिल्या मिनिटाला नाही सुटत. काहीतरी होतं. वही तपासत बसलीस, फळ्याकडे पाठ करून मोठी आकृती काढायला लागलीस, किंवा एकाला बोललीस ते दुसऱ्याला टोचलं. तो क्षण सापडला की रडण्याबद्दल लिहायला लाज वाटत नाही. मी नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या बसस्टॉपवर किती वेळा रडलेय.

निपाणी_नाका

हायस्कूलला विज्ञान शिकवतो, बारा वर्षं झाली. बाईंची वजाबाकी वाचून उठून माझ्या नववीच्या वह्या काढल्या.

एका बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. रोज लिहा हे नोकरीतल्या माणसाला जमतं. इंटर्नशिपमध्ये पोरापोरींच्या मागं टाचण, साधनं, जर्नल, प्रोजेक्ट, शाळेच्या स्नेहसंमेलनाची कामं, आणि नोव्हेंबरात घरी सुगी. सगळ्या पाठांवर मनापासून लिहा म्हटलं की ते खोटं लिहायला शिकतात. बी.एड.ला दोन वर्षांत मिळून कमीत कमी २० आठवडे शाळेत काढायचे असतात. आठवड्याला एकच पाठ निवडला तरी वीस होतात. वीस पाठ जरी खरेखुरे उलगडून बघितले तरी पुष्कळ झालं.

दुसरं, एकट्यानं बघू नका. आपण काय बोललो ते आपल्याला आठवतं, मुलं काय करत होती ते दिसतच नाही, कारण त्या वेळी आपण शिकवत असतो. मी बी.एड.ला असताना माझ्या पाठाला मित्र बसायचा, त्याच्या पाठाला मी. पहिले काही पाठ आम्ही एकमेकांना 'आवाज खणखणीत', 'आत्मविश्वास चांगला' असलं लिहून देत होतो. मग एक नियम केला. निरीक्षकानं शिक्षकाकडे बघायचंच नाही. एका गटाजवळ बसायचं आणि तो गट काय करतो, काय बोलतो एवढंच वेळेसकट लिहायचं.

सातवीला विद्युत परिपथाचा पाठ होता. सेल, बल्ब, वायर, चारचार मुलांचे गट. बल्ब पेटले, आरडाओरडा झाला, मला वाटलं माझा आजवरचा सगळ्यात चांगला पाठ. मित्रानं कागद दिला त्यावर असं होतं: "११.२० ते ११.३२. वायर एकाच मुलाच्या हातात. दुसरा मुलगा त्याला सांगतोय. दोन मुली वहीत आकृती काढतायत. एकीनं वायरकडे हात नेला, मुलगा म्हणाला, तू काढ की आकृती. तिनं हात मागे घेतला. बल्ब पेटल्यावर चौघांनी टाळ्या वाजवल्या." बारा मिनिटांत त्या मुलीनं वायरला हात लावला नव्हता आणि माझ्या टाचणात उद्दिष्ट लिहिलं होतं, 'विद्यार्थी स्वतः परिपथ जोडतो.' पुढच्या पाठाला प्रत्येक गटात वायर दर तीन मिनिटांनी पुढच्या हातात द्यायची असं केलं. मी एकटाच चिंतनाला बसलो असतो तर शंभर वर्षांत मला ते दिसलं नसतं.

प्रत्येक तीन सेकंदांना काय चाललंय त्याची नोंद करायची फ्लँडर्सची पद्धत तुम्हाला सिलॅबसमध्ये असेल. दहा प्रकार, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे, एक शांततेचा किंवा गोंधळाचा. पूर्ण तक्ता भरत बसू नका. शिक्षक, मूल, शांतता, एवढ्या तीनच उभ्या रेघा आखा आणि मित्राला दहा मिनिटं खुणा करायला सांगा. तो कागद समोर आला की कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक, हे फार जण विसरतात. सूक्ष्म पाठ आठवा, मायक्रोटीचिंगचे ते छोटे सराव पाठ. ६ मिनिटं शिकवणं, ६ मिनिटं प्रतिसाद, १२ मिनिटं पुन्हा नियोजन, ६ मिनिटं पुन्हा शिकवणं, पुन्हा ६ मिनिटं प्रतिसाद, एकूण ३६. यात सगळ्यात मोठा तुकडा कुठला? पुन्हा नियोजनाचा, शिकवण्याच्या दुप्पट. कॉलेजात हे करून घेतात आणि शाळेत पाठवल्यावर तोच तुकडा गायब होतो. पाठ झाला, सही झाली, पुढचा धडा. ताई, तुमच्या अपूर्णांकांच्या पाठाचं तेच झालंय. तुम्हाला लिहायला काय लिहू हा प्रश्न पडलाय, खरं तुम्हाला हवीत ती बारा मिनिटं आणि तो पाठ पुन्हा घ्यायची संधी. सहावीच्या वर्गशिक्षकांकडे एक तास मागून घ्या. नाही म्हणणार नाहीत.

जांबोटी_रोड

सरांचं पटलं. रोज तीन ओळी, त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. आणि आठवड्याला एक पाठ सविस्तर, मैत्रिणीसोबत. वायरचं वाचून माझ्या डोळ्यापुढं आमच्या शाळेतली प्रयोगाची पेटी आली. ती कुणाच्या हातात असते ते उद्या बघणार आहे.

पहिला_तास, तास मागताना एवढं बघ, त्या मुलीला सगळ्या वर्गापुढं उभी करू नकोस. एकदा 'बस' ऐकलंय तिनं.

रिकामा_बाक

बाई, तो क्षण सापडला. मी हजेरी घेत होते, मान खाली, पूर्ण पाच मिनिटं. वर्ग तिथंच गेला होता. शिकवायला सुरुवात केली तेव्हा परत आणायला माझ्याकडे काही नव्हतं. आज आत गेल्या गेल्या फळ्यावर एक कोडं लिहिलं आणि मुलं ते सोडवेपर्यंत हजेरी घेतली. पूर्ण शांत होती असं नाही, पण दारात कुणी आलं नाही. दुसरी वही केलीये.

पहिला_तास

चार दिवसांनी लिहितेय. सर, तास मिळाला, शनिवारचा पहिला. बाई, त्याआधी शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्या मुलीशी बोलले, बाहेर कट्ट्यावर, डबा खाता खाता. रकान्यात जे लिहिलंय ते इथं तसंच देते. मराठीतलं. इंग्रजी नंतर करेन.

"मी तिला म्हटलं, परवा तू एक छेद चार मोठा म्हणालीस, मला ते नीट ऐकून घ्यायचंय. ती पहिल्यांदा गप्प. मी मनात आकडे मोजले, सातपर्यंत गेले. मग म्हणाली, 'टीचर, अर्ध्याचे तुकडे दोन होतात. एक छेद चारचे चार होतात. चार तुकडे जास्त की.' मला वाटत होतं ती दोन आणि चार हे आकडे बघून बोलली. ती आकडे बघत नव्हतीच. ती तुकडे मोजत होती आणि तिचं मोजणं बरोबर होतं. किती तुकडे झाले ते ती सांगत होती, मी विचारत होते एक तुकडा केवढा. माझ्या प्रश्नात 'एक तुकडा' हे शब्दच नव्हते.

घरी येऊन विचार केला. आमच्या घरी तांदूळ मापायला शेर, मापटं, चिपटं अजून आहे, आजी त्यानंच मापते. तिच्याही घरी असणार, त्यांचंही भाताचं शेत आहे. शनिवारी आजीची तिन्ही मापं आणि पिशवीभर तांदूळ घेऊन गेले. अपूर्णांक हा शब्द काढला नाही. चारचारांचे गट केले, प्रत्येक गटानं येऊन मापायचं आणि माप दरवेळी पुढच्या हातात द्यायचं. शेर भरायला मापटी किती? दोन. चिपटी किती? चार. मग विचारलं, एक मापटं आणि एक चिपटं, तांदूळ कशात जास्त? सगळा वर्ग हसला, एवढं सोपं काय विचारतात म्हणून. मग मापट्याखाली १/२ ची चिठ्ठी ठेवली, चिपट्याखाली १/४ ची आणि गप्प राहिले.

ती मुलगी तिच्या गटात मागं उभी होती. चिपटं तिच्याकडे आलं तेव्हा ती ते हातात धरून चिठ्ठीकडे बघत राहिली. मग कुणी न विचारता म्हणाली, 'टीचर, चार आहे म्हणून हे बारकं. चार लागतात म्हणून.' मी शाब्बास म्हणाले नाही, तिला विचारलं, मग तीन चिपटी घातली तर? तिनं भरून बघितली नाही. म्हणाली, 'एक मापटं आणि एक चिपटं. पाऊणशेर.' शेजारचा मुलगा म्हणाला, खोटं. तिनं त्याच्या हातात माप दिलं, भर म्हणाली. त्यानं भरलं.

मी काय केलं: मंगळवारी नियम आधी दिला आणि तीनदा म्हणून घेतला. आज नियम दिलाच नाही. तास संपताना तिघांनी तो आपल्या शब्दांत सांगितला. पैकी एकाचा चुकीचा आहे, तो वहीत उतरवून घेतलाय: 'छेद मोठा असला की अपूर्णांक लहानच.' अंश समान असताना, हे त्यानं सोडलं. हा नियम माझ्या मंगळवारच्या पाठातूनच आलाय का, ते मला कळत नाही.

निरीक्षण मैत्रिणीनं केलं, खिडकीकडच्या गटाजवळ बसून. तिच्या कागदाप्रमाणे तिथल्या दोन मुलांनी एकदाही माप धरलं नाही, तांदूळ सांडला तो गोळा करत होते.

सोमवारी विचारायचं: १/४ आणि ३/४, छेद सारखाच, मग मोठा कोणता आणि कसं कळलं? ३/४ आणि १/२? पहिल्यांदा खिडकीकडच्या त्या दोघांना, मापं त्यांच्याच हातात देऊन."

आजी विचारत होती, मापं परत कधी आणणार. बुधवारपर्यंत मागून घेतलीत.